राणीची बाग : कोणाची राणी, कोणाची बाग?

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशी माझी शाळेपासूनची समजूत. सनावळ्या पाठ करायच्या, तहाची कलमे क्रमाने लिहायची आणि पेपर संपला की सारे विसरून जायचे. त्यामुळे द्वितीय वर्षाच्या वर्गात सरांनी प्रकल्पांचे विषय फळ्यावर लिहिले आणि आमच्या गटाच्या वाट्याला ‘राणीची बाग कशी घडली?’ हा विषय आला, तेव्हा आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहून हसलो. इतर गटांना गिरणी संप, गोदीतला स्फोट, संयुक्त महाराष्ट्राचा लढा असे भारदस्त विषय मिळाले होते. आमच्या नशिबी मात्र हत्ती, माकडे आणि भेळ! “बाग काय सर, कोणीतरी झाडे लावली आणि झाली,” आमच्यातला एक जण बोलून गेला. सर शांतपणे म्हणाले, “मग तेवढेच शोधून काढा. कोणी लावली, कोणाच्या जागेवर, कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी.”

हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. पहिल्या तिघांची उत्तरे कागदांत मिळाली. चौथ्याच्या मागे मात्र आम्ही अख्खे वर्ष फिरलो.

मी लालबागची. आमच्या चाळीतून भायखळ्याची ही बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आजोबा गिरणीत होते. रविवारची सुट्टी म्हणजे राणीची बाग, हे समीकरण आमच्या घरात दोन पिढ्या चालत आलेले. आजी डबा बांधून घेई, आजोबा पोरांना खांद्यावर घेत आणि सारे बिऱ्हाड चालत निघे. बागेत हत्तीवर बसल्याची गोष्ट बाबा अजूनही सांगतात. मुंबईतल्या गिरणगावाला घराला अंगण असे नव्हतेच. ही बागच त्याचे अंगण होती. इतकी ओळखीची जागा, की तिच्याविषयी काही जाणून घ्यायचे असते हेच कधी मनात आले नव्हते.

कागदपत्रांचा शोध सुरू झाला आणि पहिला धक्का बसला तो भाषेचा. जे काही जुने, ते सारे इंग्रजीत. एस. एम. एडवर्ड्स यांच्या संपादनाखाली १९०९-१० साली निघालेले मुंबईचे गॅझेटियर तीन जाडजूड खंडांत आहे. त्यातले एकेक वाक्य अर्ध्या पानाचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. शब्दकोश मांडीवर घेऊन एका दुपारी जेमतेम दोन पाने होत. एका कार्यालयात तर परवानगीच्या पत्रासाठी आम्हांला तीन खेपा घालाव्या लागल्या. साहेब जागेवर नाहीत, शिक्का चुकीच्या जागी पडला आहे, पत्रावर जावक क्रमांक नाही, अशी दर खेपेस नवी अडचण. पण हळूहळू एकेक धागा हाती येऊ लागला, आणि ज्या विषयाला आम्ही हसलो होतो त्याने आम्हांला धरून ठेवले.

धागा सुरू होतो शिवडीला. मुंबईत त्या काळी शेती आणि बागकाम यांच्या वाढीसाठी स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी होती, आणि तिची बाग शिवडीला होती. १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात शिवडीला जी ख्रिस्ती दफनभूमी झाली, ती या जुन्या बागेच्याच जागेवर. सोसायटीने त्याआधीच आपले बिऱ्हाड हलवून भायखळा-माझगावच्या बाजूला ‘माउंट इस्टेट’ नावाची सुमारे ३३ एकर जागा घेतली होती. ही जमीन डेव्हिड ससून या बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या ज्यू व्यापाऱ्याने दिली, असे नोंदी सांगतात. बागेच्या दाराशी घड्याळाचा जो मनोरा आहे, तो याच ससून यांच्या नावाचा. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग लोकांना खुली झाली. नाव ठेवले ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’.

या साऱ्या खटपटीत आपली माणसेही होती. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी बागेला लागून असलेल्या संग्रहालयासाठी निधी उभा करण्याकरता जिवाचे रान केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. जॉर्ज बर्डवुड हे बाग आणि संग्रहालय या दोन्ही कामांत होते. बाग आणि संग्रहालय ही जुळी भावंडेच म्हणायची. पण बाग लवकर बाळसे धरून मोठी झाली आणि संग्रहालय मात्र रखडले. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपले तसा तो पूर ओसरला, शेअर बाजार कोसळला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. संग्रहालयाचे काम थांबले ते पुढे सरकारी पैशाने पुरे झाले, आणि २ मे १८७२ रोजी ते उघडले. त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले १९७५ साली. सोसायटीही पुढे मोडली आणि १८७३ साली बागेचा कारभार म्युनिसिपालिटीकडे आला. म्हणजे मिसिसिपीच्या काठची लढाई आणि भायखळ्याची बाग यांचा असा संबंध! इतिहासाच्या पुस्तकातली दोन वेगवेगळी प्रकरणे माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदाच एकमेकांना येऊन भिडली.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली ती पाण्याची. विहार तलावाचे नळाचे पाणी मुंबईला मिळू लागले १८६० साली. त्याआधी शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होते. पाऊस चार महिने आणि कोरडे दिवस आठ महिने, अशा गावात ३३ एकर बाग जगवायची तर पाणी हवेच. नळ १८६० साली आणि बाग १८६२ साली, या दोन सनांमधले नाते हा आमचा तर्क आहे. पण सरांनी तो खोडला नाही. समासात ‘विचार करण्याजोगे’ एवढेच लिहिले.

कागदांनी इतके दिले. मग आम्ही प्रत्यक्ष बागेत उतरलो. मोजपट्टी, सुतळी, होकायंत्र आणि चौकटीच्या वह्या घेऊन दर शनिवारी सकाळी जायचे, असे ठरले. आजची बाग म्हणजे अनेक बागांचा एकावर एक बसलेला थर आहे. पिंजरे, हौद, दिशादर्शक पाट्या, काचेच्या नव्या इमारती या साऱ्यांखालून १८६२ ची मूळ आखणी शोधायची कशी? त्यावर आमच्यातल्या एकीने, जिचे वडील गवंडी आहेत, एक युक्ती काढली. ती म्हणाली, “भिंत कोणीही पाडून पुन्हा बांधतो. जुने झाड जागचे हलत नाही. जुनी झाडे नकाशावर मांडा, त्यांच्यामधून रस्ता आपोआप दिसेल.” आम्ही छातीइतक्या उंचीवर सुतळी गुंडाळून बुंध्यांचे घेर मोजू लागलो आणि मोठ्या घेराची झाडे नकाशावर लाल टिंबांनी दाखवू लागलो. तिसऱ्या शनिवारी ती टिंबे रांगेत उभी राहिली! दाराकडून आत जाणारी एक सरळ रेघ, तिला छेदणाऱ्या वाटा, आणि पुढे वळणे घेत जाणारे रस्ते. नकाशा जमिनीवर पसरून आम्ही पाच डोकी त्यावर वाकलो होतो, तेव्हा भोवती बघ्यांची गर्दी जमली. एका आजोबांनी विचारले, “इथं बिल्डिंग होणार काय?” मुंबईत मोजपट्टी घेतलेला माणूस दिसला की लोकांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो.

हा शोध घेताना एक गोष्ट कळली ती ऐकून आमच्या चाळीतली मुले अजून माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. ही बाग मुळात प्राण्यांची नव्हे. ती झाडांची. प्राणिसंग्रहालयासाठी १५ एकरांची भर पडली ती १८९० साली, बाग उघडून २८ वर्षे झाल्यावर. म्हणजे ज्यांना पाहायला आम्ही इतकी वर्षे गेलो ते हत्ती आणि वाघ हे मागाहून आलेले पाहुणे. ज्यांच्या सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला ती झाडे इथली मूळ रहिवासी!

रहिवासी म्हणावे, पण तीही बाहेरगावचीच. गोरखचिंचेचे अवाढव्य खोड आमच्या तिघींच्या कवेत मावेना. तिचे मूळ घर आफ्रिका. पर्जन्यवृक्ष आला मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून. गुलमोहोर मादागास्करचा. कैलासपतीचे नाव इतके आपले, फुलात शिवलिंग आणि वर नागाची फणा दिसते म्हणून लोक ते देवाला वाहतात. ते झाडही दक्षिण अमेरिकेतले. नाना देशांची झाडे समुद्रमार्गे नेण्यासाठी त्या काळी काचेच्या बंद पेट्या वापरीत. लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरने काढलेली ही युक्ती. पेटीतला ओलावा पेटीतच राही आणि खाऱ्या वाऱ्यापासून रोप वाचे. मुंबई ही जशी सातारा, कोकण, गुजरात, बगदाद इथून आलेल्या माणसांनी बनली, तशीच ही बागही. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग त्यांनाही पहिल्या पावसात गाव आठवत असेल.”

सर्वांत जास्त मी रमले ती उर्वशीच्या झाडाशी. तांबड्या फुलांचे लोंबते झुपके असलेले हे झाड ब्रह्मदेशचे. नॅथॅनिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली ते तिथे पाहिले, तेव्हा त्याची फुले बुद्धाच्या मूर्तीपुढे वाहिलेली होती. वॉलिचने त्याला नाव दिले ‘अ‍ॅमहर्स्टिया’, गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट आणि त्यांची कन्या यांच्या सन्मानार्थ. झाडाला लाटसाहेबांच्या पत्नीचे नाव आणि बाग उघडली तीही लाटसाहेबांच्या पत्नीने. पण आपल्या लोकांनी ते नाव उचललेच नाही. त्यांनी फुलांकडे पाहिले आणि म्हटले, उर्वशी!

नावांची ही गंमत एकदा लक्षात आल्यावर मी आजीकडे गेले. मी विचारले, “आजी, राणीची बाग म्हणजे कोणत्या राणीची?” आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अगो, झाशीच्या. दुसरी कोणती?”

मी गप्प झाले. आजीने साठ वर्षे ही बाग झाशीच्या राणीची मानली होती. बाग उघडली १८६२ साली. राणी लक्ष्मीबाई १८५८ साली धारातीर्थी पडली. त्याच वर्षी कंपनीचे राज्य जाऊन व्हिक्टोरिया राणीचा अंमल सुरू झाला. म्हणजे ज्या राणीच्या सैन्याने लक्ष्मीबाईला मारले, तिच्या नावाची ही बाग. आजीला हे सांगावे की न सांगावे? इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून सांगायला हवे होते. नात म्हणून जीभ रेटत नव्हती. दोन दिवस मी ते मनात ठेवले. शेवटी सांगितले, सन आणि नावे यांसकट. आजीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “असंल. पाटी त्यांनी लावली. पण हाक तर आम्ही मारली ना? आमी राणी म्हणताना मनात झाशीवालीच होती.”

सरांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे प्रकल्पात लिही. ‘लोकस्मृती’ या मथळ्याखाली.” स्वातंत्र्यानंतर बागेचे अधिकृत नाव बदलले. आता पाटीवर ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे आहे आणि बागेत बाल शिवाजीसह जिजाऊंचा पुतळाही आहे. तरी टॅक्सीवाल्याला सांगायचे तर सगळे राणीचा बागच म्हणतात. आजीने माझ्याकडून हे नवे नाव पुन्हा एकदा वाचून घेतले आणि तिला फार बरे वाटले. तिच्या हिशेबी एका राणीच्या जागी दुसरी आली होती, आणि दोघीही आपल्याच होत्या.

शहराने नको झालेल्या वस्तू ठेवायलाही हीच बाग निवडली, हे पाहून मात्र हसू येते. ज्या काळ्या घोड्यावरून काळा घोडा या भागाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवून इथे आणला. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ साली इंग्लंडला न्यायच्या खटपटीत उचलताना कोसळून फुटला, त्याचे तुकडे इथे आले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. राजा, हत्ती, गोरखचिंच, सारे आपापल्या ठिकाणाहून उठून इथे आले आणि इथलेच झाले.

आता राहिला तो प्रश्न ज्यावरून आमच्या गटात खरे भांडण झाले. प्रकल्पाची प्रकरणे आम्ही ठरवली होती : कल्पना, जागा, पैसा, आखणी, झाडे. सहावे प्रकरण मी सुचवले, ‘मजूर आणि माळी’. ३३ एकर जमीन सारखी करायची, खड्डे खणायचे, माती वाहायची, वाटा ठोकून पक्क्या करायच्या, हे लेडी फ्रिअर यांनी केले नाही आणि ससून यांनीही नाही. पण आम्ही पाहिलेल्या कागदांत देणगीदारांची नावे होती, अध्यक्ष आणि चिटणिसांची होती. कुदळ मारणाऱ्या एकाचेही नाव नव्हते. गटातला सर्वांत हुशार मुलगा म्हणाला, “पुरावा नाही तर प्रकरण नाही. कल्पनेने इतिहास लिहिता येत नाही.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, म्हणूनच मला राग आला. माझे आजोबा ज्या गिरणीत पस्तीस वर्षे राबले, तिच्यावर उद्या कोणी प्रकल्प लिहील. त्यात मालकाचे नाव असेल, यंत्र कोणत्या देशातून आले ते असेल. आजोबा त्यात कुठे असतील? मी वर्गात मोठ्याने बोलले. शब्दाला शब्द वाढला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

सरांनी तोडगा काढला. “मथळा ठेवा,” ते म्हणाले, “आणि त्याखाली जेवढे सिद्ध होईल तेवढेच लिहा. कागद बोलत नसेल तर माणसाला विचारा. पण कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि त्याला ते कसे माहीत, हे प्रत्येक वेळी नोंदवा.”

म्हणून आम्ही माळीकाकांना शोधून काढले. सेवानिवृत्त आहेत. त्यांचे वडीलही पालिकेच्या बागांतून माळीच होते. काका आमच्याबरोबर दोन सकाळी बागेत फिरले. माझ्या हातात लॅटिन नावांची वही होती. काकांना पाट्यांवरची ती अक्षरे वाचता येत नव्हती. पण डोळे मिटून साल चोळून वास घेत आणि झाड सांगत. त्यांनी आम्हांला खड्डा कसा घेतात ते सांगितले. उन्हाळ्यात खणून ठेवायचा म्हणजे माती तापते आणि कीड मरते. मग शेणखत मिसळून भरायचा आणि मृगाचे दोन पाऊस चांगले पडल्यावर रोप लावायचे. पिशवीतून काढताना मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, नाहीतर मुळे दुखावतात. बुंध्याला थेट पाणी घालायचे नाही, आळे जरा लांब करायचे, म्हणजे मूळ पाण्याच्या शोधात पसरते आणि वाऱ्याला झाड टिकते. पहिली तीन वर्षे रोपाला मुलासारखे बघायचे. “चौथ्या वर्षी,” काका म्हणाले, “ते आपलं राहत नाही. ते बागेचं होतं.”

ज्याने पुराव्याचा आग्रह धरला होता तोच मुलगा हे सारे भराभर उतरवून घेत होता. मध्येच थांबून त्याने विचारले, “काका, पाण्याचे पाइप यायच्या आधी काय करत?” काका म्हणाले, “बाप सांगायचा, झाऱ्या वाहून वाहून खांद्याला घट्टे पडलेले.” तो मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, “हे सहाव्या प्रकरणात घेऊ.” आमचे भांडण तिथे मिटले.

निघताना काकांनी विचारले, “पुस्तकात नाव येतं का कोणाचं?” मी म्हटले, “तुमचं येणार, काका.” ते म्हणाले, “माझं नको. बापाचं घाला.” प्रकल्पाच्या सहाव्या प्रकरणात ते नाव आहे.

बाग एकदा केली की झाली, असे नसते, हे आम्हांला शेवटच्या प्रकरणाने शिकवले. २००७ साली या बागेच्या नूतनीकरणाचा ४३३ कोटी रुपयांचा आराखडा पुढे आला. परदेशी सल्लागारांनी केलेला, प्राणिसंग्रहालय नव्या धर्तीवर उभारण्याचा. तो अमलात आला तर जुन्या झाडांचे आणि जुन्या आखणीचे काय, असा प्रश्न काही नागरिकांनी उभा केला. त्यांत पुढाकार स्त्रियांचा होता. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्या बागेत गेल्या, झाडे ओळखली, नोंदी केल्या, वारसा म्हणजे काय ते अधिकाऱ्यांपुढे कागदांनिशी मांडले. ३,२१३ झाडे, २८६ जातींची, असे आकडे बागेच्या नोंदींत आहेत. आकडा समोर ठेवला की ‘थोडीफार झाडे जातील’ असे म्हणणे अवघड होते. शेवटी तो आराखडा बदलावा लागला. सुतळी घेऊन बुंधे मोजताना आम्हांला लोक हसत, तेव्हा मला या बायांचे बळ वाटे. मोजणी हीसुद्धा राखण असते.

तरी चौथा प्रश्न, ‘कोणासाठी?’, अजून मिटलेला नाही. २०१६ साली बागेत पेंग्विन आले आणि २०१७ साली लोकांना पाहायला खुले झाले. त्याच वर्षी मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांचे पन्नास झाले. चार जणांच्या कुटुंबाला शंभर रुपयांची सवलतीची सोय आहे हे खरे. पण आमच्या चाळीतले कुटुंब चार जणांचे नसते. काका, मावशी, गावाहून आलेली भाची, शेजारचे पोर, असे आठ-दहा जण निघतात. बागेची निगा राखायला पैसा लागतो, हे माळीकाकांशी बोलल्यावर मला पटते. पेंग्विनला थंड पाणी लागते हेही समजते. पण गिरणगावाचे हे अंगण आहे, आणि अंगणात यायला हिशेब करावा लागला की माणूस येईनासा होतो. आमच्या प्रकल्पाच्या निष्कर्षात हे वाक्य ठेवावे की नाही, यावर मतदान झाले. तीन विरुद्ध दोन मतांनी ते राहिले.

प्रकल्पाला गुण किती मिळाले हे इथे लिहीत नाही, विभागाच्या फलकावर ते आहेत. मला त्यातून मिळाले ते वेगळेच. आता मी कोणत्याही जुन्या पुलाखालून, तलावाकाठून किंवा देवडीतून जाते, तेव्हा तेच चार प्रश्न मनात उभे राहतात आणि उत्तरे शोधायला कोणाकडे जायचे हेही थोडेफार कळते. काही उत्तरे कपाटांत असतात, काही सुतळीच्या टोकाला आणि काही तांदूळ निवडणाऱ्या आजीकडे.

आमचा नकाशा आणि बुंध्यांच्या घेरांची वही इतिहास विभागाच्या कपाटात दुसऱ्या खणात ठेवली आहे. प्रत्येक झाडापुढे एक रकाना भरलेला आहे आणि पुढचे नऊ रकाने आम्ही मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. पुढच्या वर्षीच्या वर्गातल्या कोणीतरी डिसेंबरात एक शनिवार काढावा, सुतळी घेऊन जावे आणि दुसरा रकाना भरावा. सुतळीही तिथेच ठेवली आहे.